शक्तीचा रोजमेळ

सोमवार उजाडला की पेठ वडगावच्या रस्त्यांचे रूप पालटते. आसपासच्या खेड्यांतून माणसे आठवडी बाजाराला येतात. जनावरांचे व्यवहार होतात, भाजीपाल्याचे ढीग लागतात, किराणा दुकानांपुढे पिशव्या घेतलेल्या गिऱ्हाइकांची दाटी होते आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दुपारचे जेवण वेळेवर मिळत नाही. सेनापती धनाजी जाधव यांची समाधी ज्या गावात आहे, त्या गावाच्या नावातच ‘पेठ’ आहे. येथील व्यापारी घरांतील मुलांना पाऊल टाकता येऊ लागल्यापासून बाजार ओळखीचा असतो. त्यामुळे ‘बाजार करून येणे’ हे येथे स्वतंत्र काम म्हणून कोणी मोजत नाही. दोन कामांच्या मध्ये ते उरकून जाते, अशीच सर्वांची समजूत असते.

मात्र ज्यांचे शरीर रोज दुखते त्यांच्या बाबतीत ही समजूत खरी ठरत नाही. संधिवाताने बोटे सुजलेली असतात, गुडघे पायरी चढू देत नाहीत, कंबर दहा मिनिटांपेक्षा अधिक काळ उभे राहू देत नाही, किंवा रात्रभर झोपूनही अंगातील शीण जात नाही. अशा व्यक्तीला रविवारी सायंकाळीच दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची धास्ती वाटू लागते. दुकान दोनशे पावलांवर असले तरी तेथवर जाणे, उभे राहणे, निवडणे, भाव विचारणे, ओझे उचलणे, परत येणे आणि आणलेले सामान डब्यांत भरणे अशी ही सात कामे असतात. निरोगी माणसाला ती एकच वाटतात, दुखणाऱ्या शरीराला मात्र त्यांतील प्रत्येक काम वेगळे जाणवते.

असे लोक थोडे नाहीत. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमांतर्गत घरोघरी जाऊन सांधे व स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढांची विचारपूस झाली आणि त्यांतील जवळजवळ १८ टक्के व्यक्तींना असे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. सांध्यांचा नाश करणारा आमवात मात्र दोनशे व्यक्तींमागे एकीलाच होता. उरलेल्यांची दुखणी साध्या नावांची होती. कोणाची कंबर, कोणाचे गुडघे, कोणाची मान, कोणाचे सगळे अंग दुखत होते. चिकुनगुनियाची आठवणही महाराष्ट्राला जुनी आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे या तापाची मोठी साथ आली होती. पुढे २००५-०६ च्या सुमारास तो पुन्हा राज्यभर पसरला. ताप आठवड्यात उतरला, तरी काहींचे सांधे अनेक महिने, क्वचित काही वर्षेही दुखत राहिले. घरच्यांच्या लेखी ती व्यक्ती केव्हाच बरी झालेली होती. तिच्या मनगटाला आणि घोट्याला मात्र ते ठाऊक नव्हते.

येथेच खरी अडचण सुरू होते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ या संस्थेच्या कार्यामुळे चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीची अडचण या परिसराला परिचित झाली आहे. खुर्ची दिसते, म्हणून पायरीही दिसते. दुखणे आणि थकवा मात्र दिसत नाहीत. चेहरा ठीक, चाल ठीक, काल तर देवदर्शनालाही जाऊन आली होती, मग आज बाजाराला जायला काय झाले, असा प्रश्न घरात उमटतो. तो नेहमीच बोलून दाखवला जातो असे नाही. पण जिला तो ऐकू येतो ती उत्तर देण्याऐवजी पिशवी उचलून बाहेर पडते आणि त्याची किंमत पुढचे दोन दिवस अंथरुणात चुकवते.

जमा किती, खर्च किती

हा न दिसणारा हिशोब निरोगी माणसाला कसा समजावून सांगावा, हा प्रश्न जगभर सर्वांनाच पडला आहे. ल्युपस हा दीर्घ आजार असलेल्या क्रिस्टीन मिझरँडिनो या अमेरिकी लेखिकेने तो चमच्यांच्या साहाय्याने समजावला. तिचा याविषयीचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाहारगृहात सोबत बसलेल्या मैत्रिणीच्या हाती तिने मूठभर चमचे दिले आणि दिवसातील एकेक काम सांगत एकेक चमचा काढून घेतला. संध्याकाळ होण्याआधीच मैत्रिणीची मूठ रिकामी होत आली. तेव्हापासून अनेक देशांतील रुग्ण आपल्या शक्तीचे मोजमाप चमच्यांत सांगतात.

व्यापारी कुटुंबाला चमच्यांची गरज नाही, त्यांच्याकडे रोजमेळ आहे. सकाळची शिल्लक, दिवसाची जमा, दिवसाचा खर्च आणि रात्रीची शिल्लक हे गणित या घरांतील लहान मुलालाही समजते. हेच गणित शरीराला लावून पाहावे. समजा, पन्नाशीच्या एका गृहिणीला सकाळी उठताना शक्तीचे बारा अंश मिळाले. आखडलेले सांधे मोकळे करून स्नान आणि देवदर्शन करण्यात दोन अंश गेले. सकाळच्या स्वयंपाकाला तीन लागले. दुपारच्या आवराआवरीला एक. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची तयारी टाळता येत नाही, तिला आणखी तीन. एकूण खर्च नऊ, हाती शिल्लक तीन. आता बाजार येतो. चालत जाण्या-येण्यास एक अंश, उभे राहून माल निवडण्यास दोन, ओझे आणण्यास दोन आणि घरी आल्यावर डबे भरण्यास एक असे सहा अंश तेथे खर्च होतात. हाती तीन असताना खर्च सहा झाला, म्हणजे तीन अंशांची तूट आली.

ही तूट उद्याच्या खात्यातून उचल घेऊन भागवली जाते आणि शरीर हा फार कडक सावकार आहे. तीन उचलले तर ते पाच-सहा वसूल करते. काही आजारांत, विशेषतः विषाणूजन्य तापानंतर राहिलेल्या थकव्यात, ही वसुली लगेच न होता एक-दोन दिवसांनी होते. म्हणून सोमवारच्या बाजाराचा आणि बुधवारच्या अंथरुणाचा संबंध घरच्यांच्या ध्यानात येत नाही. अंश किती धरावेत हे प्रत्येकाच्या आजारावर अवलंबून आहे, वरील आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत. पण आठवडाभर असा रोजमेळ खरोखर लिहून पाहिला, तर कोणत्या कामावर किती शक्ती जाते हे घरातील सर्वांना कागदावर दिसते. जे कागदावर आले त्याबद्दल व्यापारी माणूस सहसा वाद घालत नाही.

बाजाराचे चार भाग

बाजार सोपा करायचा तर आधी त्याचे भाग पाडले पाहिजेत. काय आणायचे हे ठरवणे, मालाची निवड करणे, ओझे वाहून आणणे आणि घरी जागच्या जागी लावणे असे त्याचे चार भाग होतात. यांपैकी पहिले दोन बुद्धीचे आणि अनुभवाचे आहेत, नंतरचे दोन अंगमेहनतीचे. दुखणे प्रामुख्याने नंतरच्या दोहोंत आणि उभे राहण्यात असते. गृहिणीचा मान, तिचा घरावरील अधिकार आणि चार माणसांत मिसळण्याचा आनंद पहिल्या दोहोंत असतो.

माया असलेल्या घरांतही नेमके उलट घडते. सुनेला किंवा सासूला त्रास होतो असे दिसले की मुलगा म्हणतो, “तुम्ही जाऊ नका, मी घेऊन येतो.” तो दुकानात जातो, दिसेल तो तांदूळ, मिळेल ती डाळ घेतो आणि चार पिशव्या स्वयंपाकघराच्या दारात ठेवून निघून जातो. म्हणजे ठरवणे आणि निवडणे ही हलकी व मानाची कामे त्याने नेली. वाकून पिशव्या उचलणे, पुडे फोडणे, उंच फळीवरचे डबे काढून भरणे ही जड कामे तिच्याकडेच राहिली. काही महिन्यांत ती यादी सांगणेही सोडून देते. आणलेल्या मालाबद्दल कुरकुर केली तर कृतघ्नपणा ठरेल, अशी तिला भीती वाटते. दुखण्याने घेतले नव्हते तेही या मदतीने नेलेले असते.

म्हणून मदतीची विभागणी करताना एक सूत्र कटाक्षाने पाळावे. ओझे दुसऱ्याने घ्यावे, निवड तिच्याकडे राहू द्यावी. दुकानात ती गेली तर बसून माल पाहील, सोबतचा माणूस तो उचलेल. ती गेली नाही तर यादी तिची असेल, मालाची जात आणि प्रमाण तिच्या शब्दांत लिहिलेले असेल, आणि आलेला माल फळीवर लावेपर्यंत आणणाऱ्याचे काम संपलेले नसेल. वर मांडलेल्या रोजमेळात एवढाच बदल केला, तर ओझ्याचे दोन आणि डबे भरण्याचा एक असे तीन अंश वाचतात. बसून निवड केल्याने आणखी एक वाचतो. सहाचा खर्च दोनवर येतो, तूट जाते आणि रात्री एक अंश शिल्लक राहतो. नातवाशी बोलायला किंवा चार पाने वाचायला तेवढा पुरतो.

यादी आणि पंचांग

जैन स्वयंपाकघराच्या बाजाराला काही खास अटी आहेत. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरात महिनाभर टिकणारा बटाटा-कांद्याचा आधार नसतो. दोडका, भेंडी, गवार, पडवळ, दुधी या भाज्या ताज्याच आणाव्या लागतात. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे असल्याने स्वयंपाकाची दुसरी पाळी नेमकी दुपारच्या थकव्याच्या वेळी येते. पिठाची मर्यादा पाळणाऱ्या दिगंबर घरांत थंडीत सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांपलीकडचे पीठ चालत नाही. दुखणाऱ्या शरीराला हे सर्व नियम ओझे वाढवणारे वाटू शकतात. पण नियोजन केले तर याच नियमांचा आधारही घेता येतो.

पंचांगापासूनच सुरुवात करता येईल. अष्टमी आणि चतुर्दशीला हिरवी भाजी न खाणाऱ्या घरात महिन्यातील चार दिवस भाजी आणण्याचा प्रश्नच नसतो. त्या दिवसांसाठी डाळी, बेसन, मूगवड्या, पापड असा कोरडा माल महिन्याच्या यादीतच असावा. या तिथी दिनदर्शिकेवर आधीच खुणावून ठेवल्या की भाजीच्या फेऱ्या त्यांच्या अलीकडे-पलीकडे बसवता येतात आणि ते चार दिवस शरीराच्या विश्रांतीचे ठरतात.

पिठाचेही तसेच आहे. चार माणसांच्या घरात रोज सुमारे एक किलो पीठ लागते असे धरले, तर पावसाळ्यात दळणाची पिशवी तीन किलोचीच असते. दहा-बारा किलोचे दळण एकदम उचलण्यापेक्षा दुखऱ्या खांद्याला ती सोसवते. अडचण उरते ती वारंवार फेऱ्यांची आणि फेऱ्या वाटून घेता येतात. दुकानाला जाता-येता दळण टाकणे आणि आणणे हे काम घरातील ठरावीक व्यक्तीने ठरावीक वारी करावे. घरघंटी असेल तर ती कमरेच्या उंचीच्या ओट्याजवळ ठेवावी, म्हणजे धान्य ओतताना वाकावे लागत नाही. गहू-तांदूळ निवडण्याचे काम जमिनीवर सूप घेऊन बसण्याऐवजी टेबलावर परात ठेवून, पाठीला आधार देऊन आणि अर्ध्या तासाहून अधिक न बसता करावे. उन्हाळ्यात वर्षाच्या धान्याची बेगमी करण्याची प्रथा अनेक घरांत आजही आहे. ती सोडण्याचे कारण नाही. मात्र एकाच आठवड्यात सगळे धान्य वाळवून, निवडून, कोठीत भरण्याऐवजी एका आठवड्यात एकच धान्य घेतले तर चैत्र-वैशाख अंथरुणात काढावे लागत नाहीत.

यादी कायमची असावी. महिन्याला लागणारे वाणसामान एकदाच सविस्तर लिहून तिच्या प्रती काढाव्यात आणि प्रत्येक महिन्यात फक्त हवे त्यावर खूण करावी. ती दुकानाच्या मांडणीप्रमाणे लिहिलेली असली तर आणखी बरे. धान्य एकत्र, डाळी एकत्र, मसाले एकत्र, तेल-साखर शेवटी, म्हणजे दुकानात पुन्हा पुन्हा मागे फिरावे लागत नाही. थकव्यासोबत विसराळूपणाही येतो, याची लाज वाटण्याचे कारण नाही. कागदाने तो भार उचलावा. बोटे दुखत असतील तर यादी लिहिण्याऐवजी मोबाईलवर बोलून पाठवता येते, रिकाम्या डब्याचे छायाचित्रही पाठवता येते. कोणती वस्तू संपत आली हे डब्याच्या झाकणावर खडूने केलेल्या एका रेघेवरूनही घरातील सर्वांना कळते.

दिवस आणि वेळ हेही शक्तीचेच विषय आहेत. आमवाताच्या रुग्णांचे सांधे सकाळी तासभर किंवा त्याहून अधिक काळ आखडलेले असतात, त्यांनी सकाळी आठ वाजता बाजार गाठण्याचा अट्टहास करू नये. झिजलेल्या गुडघ्यांचे दुखणे उलट दिवसभराच्या वापराने वाढते, त्यांना सकाळच बरी. आठवडी बाजाराच्या गर्दीत जायचेच असेल तर त्या दिवशी दुसरे कोणतेही मोठे काम ठेवू नये आणि दुसरा दिवसही मोकळा ठेवावा. एखाद्या दिवशी बरे वाटते म्हणून साचलेली सर्व कामे त्याच दिवशी उरकण्याचा मोह होतो. तो आवरणे हा या आजारांतील सर्वांत कठीण संयम आहे. दुखू लागल्यावर बसण्यापेक्षा दुखण्याआधी बसावे.

पिशवीचा हिशोब

पाच किलो तांदूळ, दोन किलो डाळ, दोन किलो साखर, एक किलो गूळ आणि दोन लिटर तेल एवढ्यानेच वजन बारा किलोंच्या जवळ जाते. दोन पिशव्यांत भरले तरी प्रत्येक हाताच्या चार बोटांवर सहा किलो लटकतात. लहान सांध्यांवर भार टाकू नये, तो मोठ्या सांध्यांनी घ्यावा, हे सांधे जपण्याचे मूलभूत तत्त्व आहे. म्हणून पिशवीचे बंद बोटांत अडकवण्याऐवजी रुंद पट्ट्याची पिशवी खांद्याला लावावी किंवा सामान दोन्ही हातांनी छातीजवळ धरावे. वजन शरीरापासून जितके दूर, तितका पाठीवरचा ताण अधिक. एकाच मोठ्या पुड्याऐवजी किलो-किलोचे पुडे घेतले तर थोडे अधिक पैसे पडतात, पण डबा भरताना मनगट वाचते. घरात रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर असाव्यात, वर्षातून दोनदा लागणारे डबे वर किंवा खाली जावेत. घट्ट फिरकीच्या झाकणांऐवजी सहज निघणारी झाकणे निवडावीत.

चाके असलेली पिशवी हा आणखी एक सोपा उपाय आहे. तरीही ती घेऊन पेठेतून जायला अनेकांना संकोच वाटतो. “इतक्यातच म्हातारी झाले का?” असा विचार मनात येतो. हा संकोच कोणत्याही एका गावाचा नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये आपल्या किराणा दुकानांत प्रथमच चाकांची ढकलगाडी आणली, तेव्हा गिऱ्हाइकांनी तिला हात लावला नाही. पुरुषांना ती दुबळेपणाची खूण वाटली, स्त्रियांना बाळाची गाडी ढकलण्याची आठवण झाली. अखेर गोल्डमन यांनी वेगवेगळ्या वयांची माणसे पगारावर ठेवून त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरायला लावले. ते पाहून इतरांची भीड चेपली. आज तीच गाडी निरोगी माणसेही विचार न करता हाती घेतात. घरातील धडधाकट तरुणाने महिनाभर चाकांची पिशवी घेऊन बाजार केला, तर नंतर तीच पिशवी नेताना आईला कोणाची नजर टोचणार नाही.

गल्ल्याच्या पलीकडून

या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांचा दिवस गल्ल्याच्या पलीकडच्या बाजूला जातो. घरात दुखणे सोसणारी व्यक्ती असते आणि दुकानात तशीच व्यक्ती गिऱ्हाईक म्हणून येते. पहिलीचे दुखणे समजले तर दुसरीचेही समजावे.

कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला गादीवर बसवतात, सराफाकडे खुर्ची पुढे करतात. किराणा दुकानात मात्र पाच-दहा किलोंचे ओझे घेणारे गिऱ्हाईक शेवटपर्यंत उभे असते. हा केवळ सवयीचा भाग आहे. दुकानाच्या पुढच्या भागात पाठ असलेली एक मजबूत खुर्ची ठेवायला दोन हात जागा लागते. ती मात्र बसायचीच राहावी, तिच्यावर साबणाची खोकी चढू नयेत. जुन्या पेठांतील दुकानांच्या पायऱ्या उंच असतात. एक जादा पायरी आणि धरायला लोखंडी दांडी बसवली तर दुखऱ्या गुडघ्याची चढण निम्मी होते. तेही शक्य नसेल तर दुकानातील मुलाने खाली उतरून यादी घ्यावी.

यादी आधी घेऊन माल बांधून ठेवणे आणि घरपोच देणे ही पेठेला नवी गोष्ट नाही. खातेवहीवर चालणाऱ्या जुन्या दुकानांतून चिठ्ठी पाठवली की पोराच्या डोक्यावरून सामान घरी येत असे आणि हिशोब महिन्याच्या शेवटी होई. आज शहरांतील मोठ्या कंपन्या हीच सोय नव्या नावाने विकत आहेत. स्थानिक दुकानदाराकडे त्यांच्यापेक्षा एक गोष्ट अधिक आहे, ती म्हणजे ओळख. या घरात कोणता तांदूळ लागतो, कोणत्या तिथीला काय चालत नाही, कोणाच्या हातांना पाच किलोचा पुडा पेलत नाही, हे त्याला विचारावे लागत नाही. पिशव्या अर्ध्याच भराव्यात, जड वस्तू तळाशी एकाच पिशवीत कोंबू नयेत, पुड्यावर वजन मोठ्या अक्षरांत लिहावे आणि माल दारात न टाकता ओट्यावर ठेवून यावा, एवढे दुकानातील मुलाला शिकवले तर पुरेसे आहे. आठवडी बाजाराचा दिवस सोडून एखादी निवांत दुपार अशा गिऱ्हाइकांसाठी ठरवून द्यावी आणि तसे त्यांना सांगावे. हा धर्मादाय नाही. ज्या घराचा बाजार सोपा झाला, ते घर दुसरे दुकान शोधत नाही.

दुखणे गृहीत धरण्यापूर्वी

सोयी कितीही केल्या तरी त्या उपचारांची जागा घेऊ शकत नाहीत. “वयानुसार होणारच” असे म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढलेले दुखणे कधी कधी वेळीच थांबवता आले असते. सकाळी सांधे बराच वेळ आखडलेले राहणे, बोटांची दोन्ही हातांवर सारखी सूज, सोबत ताप किंवा वजन घटणे, हातापायांना मुंग्या वा बधिरपणा अशी लक्षणे असतील तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. आमवातात सुरुवातीच्या काळातच योग्य औषधे मिळाली तर सांध्यांची हानी बरीच टळते. सततच्या थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉईडचा विकार किंवा ब-१२ व ड जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते. ब-१२ हे प्रामुख्याने प्राणिजन्य पदार्थांतून मिळते आणि शाकाहारात त्याचा आधार मुख्यतः दूधदुभत्याचा असतो. त्यामुळे शाकाहारी कुटुंबांनी ही रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी. कारण सापडले तर उपाय सोपा असतो, आणि सापडले नाही तरी दुखणे खोटे ठरत नाही.

जैन परंपरेत आजारी, वृद्ध आणि थकलेल्यांच्या सेवेला वैयावृत्त्य म्हणतात आणि तिची गणना आभ्यंतर तपांत केली आहे. तप म्हटले की उपवास आठवतो, पण सामानाची पिशवी ओट्यावर नेऊन ठेवणे आणि डबे भरून देणे हेही त्याच यादीत बसू शकते. सेवा करताना ज्याची सेवा करायची त्याच्या इच्छेला मान देणे मात्र विसरू नये.

येत्या रविवारी रात्री दुकानाचा हिशोब मिटवल्यावर घरातील कर्त्या माणसाने आणखी एक वही पुढे ओढावी. घरात ज्या व्यक्तीचे अंग दुखते तिच्याजवळ बसून आठवडाभराच्या बाजाराचे चार भाग लिहावेत आणि प्रत्येक भागापुढे नाव घालावे. यादीपुढे आणि निवडीपुढे तिचे नाव राहू द्यावे. वाहण्यापुढे आणि लावण्यापुढे कोणाचे नाव लिहायचे, हे तिला विचारून ठरवावे.